पाहुण्यांचा खोकला

पाहुणे खोकले आणि टेबलाभोवतीची सगळी पेनं एकदम थांबली.

“पुढचा प्रश्न,” पाहुणे म्हणाले.

चाकांच्या विभागप्रमुखांनी पुढचा प्रश्न विचारला. पाहुणे पुन्हा खोकले. आता पेनं गोंधळली, कारण सकाळपासून ते सगळ्यालाच खोकत होते.

या इमारतीत त्या खोकल्याला फार मान होता. देशाचं स्वतःचं पहिलं लढाऊ विमान इथे तयार होत होतं, आणि ते स्वतःचं असल्यामुळे त्यासाठी परदेशातून तज्ज्ञ मागवला होता. पाहुण्यांना विमानातलं सगळं कळायचं. फक्त सांगायची परवानगी नव्हती. पुस्तकात छापलेलं सांगावं, डोक्यातलं सांगू नये, असा दोन सरकारांचा करार होता. त्यामुळे कामाचं काही विचारलं की पाहुणे मान खाली घालून ‘पुढचा प्रश्न’ म्हणत. मात्र कधीकधी त्याआधी हलकेच खोकत. शेपटीबद्दल विचारलं तेव्हा असेच खोकले. शेपटी खोलून पाहिली तर जोड कच्चा निघाला. पंखाच्या टोकाचंही तेच झालं. तेव्हापासून विमान खोकल्या-खोकल्याने पुढे सरकत होतं, आणि वर्तमानपत्रं त्याला संपूर्ण देशी म्हणत होती.

उद्या पहिलं उड्डाण. नेमकी आजच पाहुण्यांना सर्दी झालेली दिसत होती.

“इंधन,” संचालक म्हणाले. “बोला, वहिनी.”

वहिनी म्हणजे इंधन विभागाच्या प्रमुख. विमान उडवणारा वैमानिक हा तिचा सख्खा धाकटा दीर. तो भर बैठकीत वहिनी म्हणायचा, म्हणून हळूहळू संचालकांपर्यंत सगळेच म्हणू लागले होते.

“मंडपासमोरच्या वळणाबद्दल विचारायचंय,” ती म्हणाली. मंत्र्यांना मान फार वळवावी लागू नये म्हणून विमान मंडपासमोरच गर्रकन वळणार होतं. “विमान कुशीवर गेलं की टाकीतलं इंधन एका बाजूला सरकणार. पंप तेव्हा हवा तर ओढणार नाही ना? इंजिन बंद पडेल.”

पाहुण्यांनी चहाचा कप तोंडाला लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग खाली ठेवला.

“पुढचा प्रश्न.”

खोकला आला नाही. टेबलाभोवती सुस्कारे सुटले.

“चला, एक तरी वस्तू ठणठणीत निघाली,” दीर म्हणाला. “मला खात्री होतीच. वहिनींचा स्वयंपाक इतकी वर्षं पचवलाय, पंपाचं काय घेऊन बसलात?”

“रात्री उपाशी झोपायचंय का?” ती म्हणाली. सगळे हसले. तीही हसली.

बाकीच्या खोकल्यांचं काय करायचं, असं कुणीतरी विचारलं. सर्दीसाठी विमान थांबवता येत नाही, असा संचालकांनी निकाल दिला आणि एकेका विभागाला विचारत गेले. प्रत्येकाने ‘तयार’ म्हटलं. तिने जरा मोठ्यानेच म्हटलं.

मधल्या सुट्टीत ती गरम पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. पाहुणे व्हरांड्याच्या खिडकीशी एकटेच उभे होते.

“औषध घेतलंत का?”

“कशाला?”

“खोकल्याला.”

पाहुण्यांनी व्हरांड्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं.

“मला खोकला झालेला नाही,” ते म्हणाले. “तुम्ही माझ्या खोकल्यावर विमान बांधता, हे आमच्याकडे कुणीतरी पोचवलंय. आता हुकूम आलाय. प्रत्येक प्रश्नाला खोकायचं.”

तिचा पेला धरलेला हात तसाच राहिला.

“पंपाच्या वेळी नाही खोकलात.”

पाहुण्यांनी तिच्या हातातून पेला घेतला.

“तुमच्या तोंडात चहा होता तेव्हा,” ती म्हणाली.

“असेल.” त्यांनी एक घोट घेतला. “पाणी छान गरम आहे.”

अर्धा पेला खिडकीत ठेवून ते आत गेले. चहा होता म्हणून खोकले नाहीत, की खोकायला लागू नये म्हणून चहा घेतला? तिने पेला उचलून तिरका केला. पाणी एका कडेला गेलं आणि तळाचा अर्धा भाग कोरडा दिसू लागला. थोडा वेळ तिने तो तसाच धरून ठेवला.

आत जाऊन ती बसली नाही.

“माझं ‘तयार’ मी परत घेते.”

संचालकांनी चष्मा काढला. “कारण?”

पाहुणे समोरच बसले होते. खरं कारण सांगितलं असतं, तर संध्याकाळच्या विमानाने त्यांना मायदेशी नेलं असतं, आणि तिथे त्यांचं स्वागत करायला कोण उभं असतं ते सांगायला नको.

“माझा हिशेब चुकलाय.”

“आत्ता कळलं? पाच मिनिटांत?”

“हो.”

“मंत्र्यांना काय सांगू? वहिनींची बेरीज चुकली?” संचालक तिच्या सहायकाकडे वळले. सहायक हुशार होता. साहेबांचं वाक्य संपायच्या आत त्याची मान हलायची. “इंधन विभागातर्फे तुम्ही सांगा. तयार?”

सहायकाची मान हललीच होती.

“वहिनी, आई येणारेय उद्या,” दीर हळू आवाजात म्हणाला. “पुढच्या रांगेत बसणारेय.”

तिने दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. दीर तिच्या हातांकडे बघत राहिला. घरात दूधवाल्यापासून त्याच्या परीक्षेपर्यंत सगळे हिशेब याच हातांनी केले होते, आणि एकही कधी चुकलेला त्याला आठवत नव्हता.

मग तो खोकला. आधी एकदा, मग चांगलं वाकून, टेबलाला धरून.

“माफ करा,” तो संचालकांना म्हणाला. “कानही गच्च झालेत. अशा अवस्थेत मला विमान वर नेता येणार नाही. नियम आहे.”

“सकाळी तर बरे होतात.”

“घरात सगळ्यांनाच सर्दी आहे. विचारा वहिनींना.”

संचालकांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

दिराने समोरचे हातमोजे गोळा केले. ती त्याच्याकडे बघत होती. तो तिच्याकडे बघत नव्हता. दाराशी मात्र थांबला.

“आईला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा,” तो म्हणाला.