चारशे पानांचा बाप

व्याख्यान संपलं तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. तत्त्वज्ञान विभागाचं छोटं सभागृह, पस्तीसेक खुर्च्या, त्यातल्या वीस भरलेल्या. बाईंचा विषय ठरलेला होता. कन्फ्यूशियसच्या परंपरेत आईबापांसाठी तीन वर्षं शोक पाळायचा, आणि शेजारचेच दुसरे धर्म म्हणतात, आवरा, सोडून द्या. असं का? या एका प्रश्नावर बाईंची हयात गेली होती. प्रबंधही त्यावरच, चारशे पानांचा, आणि पहिल्या पानावर ‘दिवंगत वडिलांस’.

शेवटी बाई स्वतःचं थोडं सांगायच्या. "मी पाच वर्षांची होते तेव्हा माझे वडील परगावी कामावर असताना गेले. आठवण एकच आहे. खांद्यावर बसवून त्यांनी मला घड्याळाचा मनोरा दाखवायला नेलं होतं. त्यांच्या मानेला साबणाचा वास येत होता." इथे सभागृह नेहमी शांत व्हायचं. आजही झालं.

लोक पांगले. मागच्या रांगेतला एक म्हातारा मात्र काठी टेकत पुढे आला. गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर, ऐंशीच्या पुढचं वय. निवृत्त माणसं व्याख्यानाला दोनच कारणांनी येतात, पंख्याखाली बसायला नाहीतर वक्त्याला दुरुस्त करायला. बाईंना सवय होती.

"तुमच्या बोलण्यात एक चूक आहे," तो म्हणाला.

"सांगा ना," बाई हसून म्हणाल्या.

"मनोरा दाखवायला मी नाही नेलं तुला. तो तुझा मामा."

बाई कागद गोळा करत होत्या. त्यातला ‘मी’ त्यांना आधी कळलाच नाही. मग हात थांबले. म्हाताऱ्यानं खिशातून ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. जे नाव बाई आयुष्यभर स्वतःच्या नावापुढे लावत आल्या होत्या, ते त्या कार्डावर पहिलं छापलेलं होतं. आडनाव तेच. जन्मगावही तेच.

"हा काय चावटपणा आहे?" आवाज स्वतःचा आहे हे बाईंना पटेना.

"चावटपणाच केला. तेव्हा." तो खुर्चीचा आधार घेत बसला. "परगावच्या छापखान्यात होतो. तिथे दुसरं घर केलं. परत आलो नाही. काही मागायला आलेलो नाही, घाबरू नकोस. गेल्या वर्षी रेडिओवर तुझं भाषण ऐकलं. मग परवा पुन्हा. दोन्ही वेळा तू मला चांगला म्हणालीस. ते थांबव. सहन होत नाही."

खुर्च्या उचलणारा शिपाई दारातच थबकला. बाईंनी त्याला हातानंच जायला सांगितलं. म्हाताऱ्यानं एका चिठ्ठीवर वृद्धाश्रमाचा फोन नंबर लिहून दिला आणि आला तसा निघून गेला. बाई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. त्यांना ती पाठ अजिबात ओळखीची वाटली नाही.

घरी आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. बाईंनी चपलाही काढल्या नाहीत.

"आई, बाबा कधी वारले?"

आईचं बोट शेंगेतच थांबलं. मग तिनं शेंग सोलून पूर्ण केली. "आला होता का?"

म्हणजे आईला माहीत होतं.

"तू मला सांगितलंस की ते मेले!"

"माझ्यापुरता मेलाच होता. नवऱ्यानं टाकलेली बाई म्हटलं की लोक दाराआडून हसतात. विधवा म्हटलं की बसायला खुर्ची देतात. तुला घेऊन मला खुर्चीची गरज होती."

"मी त्या माणसावर चारशे पानं लिहिली, आई!"

"छान लिहिलीस. जिवंत असता तर लिहिली असतीस का?"

बाईंना हसू की रडू कळेना. दोन्हीही आलं नाही. दाढा तेवढ्या दुखू लागल्या, कारण त्या केव्हापासून आवळलेल्या होत्या. "आणि मनोरा?"

"तो दादा. माझा भाऊ." आता मात्र आई वर बघेना. "शाळेत सोडायचा, तापात उशाशी बसायचा, तुझी फी भरायचा. बापाचं सगळं त्यानंच केलं."

मामा दोन वर्षांपूर्वी गेला होता. अंत्यविधीला बाई सकाळी दहाला पोचल्या होत्या आणि चारच्या विमानानं परिसंवादाला निघून गेल्या होत्या. परिसंवाद शोकावरच होता. निबंध वाचताना त्यांचा आवाज एकदाही हलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तास रद्द केले आणि मामीकडे गेल्या. मामीनं दार उघडलं. "आज कशी वाट चुकलीस गं?"

"मामी, तुलाही माहीत होतं?"

मामीला विचारायची गरज पडली नाही कशाबद्दल ते. तिनं आत घेतलं, पाणी दिलं. "तुझ्या आईला सांगायचं होतं, तू कॉलेजात गेलीस तेव्हा. ह्यांनीच अडवलं. म्हणाले, बाप चांगला होता असं वाटतंय तिला, तर वाटू दे. त्यात आपलं काय जातंय?"

"आणि भाषणात मी ती मनोऱ्याची गोष्ट सांगायचे ते?"

"तुझ्या पहिल्या भाषणाला आले होते की. घरी येऊन म्हणाले, पोरीला साबणाचा वाससुद्धा लक्षात आहे. खूश होते दोन दिवस."

नावाप्रमाणे माणसानं वागावं, हे कन्फ्यूशियसचं म्हणणं बाई वीस वर्षं वर्गात शिकवत होत्या. बाप हे नाव घेतलंस तर बापाचं काम कर. पण ज्यानं काम केलं आणि नाव घेतलंच नाही, त्याला काय म्हणायचं, हा प्रश्न कुठल्याच वर्षीच्या पेपरात आला नव्हता. बाई खाली फरशीवरच बसल्या. मामीनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला तशा त्या गुरासारख्या ओरडून रडल्या. मामी घाबरली, मग तीही रडू लागली.

बाई मामीकडे चार दिवस राहिल्या. आईशी महिनाभर धड बोलल्या नाहीत. मग एके दिवशी आईनं मुकाट्यानं चहाचा कप त्यांच्या टेबलावर ठेवला आणि त्यांनी तो घेतला.

वृद्धाश्रमात त्यांनी एकदा फोन केला. "तुमचं म्हणणं खरं निघालं. भाषणातलं ते मनोऱ्याचं वाक्य मी काढून टाकलंय."

"बरं झालं," म्हातारा म्हणाला. मग त्यानं विचारलं, "तू येशील का कधी?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. ते खरं होतं. "जेवण नीट मिळतं ना तिथे?"

"मिळतं."

"बरं," त्या म्हणाल्या, पण फोन लगेच ठेवला नाही.