भावोजींच्या चेहऱ्याखालची डिस्क

हे लिहिणारच नव्हतो मी. लिहिण्यासारखं आहे काय त्यात? एक माणूस, एक मशीन, आणि दोघांपैकी थोडीफार अक्कल असलीच तर ती मशीनला. पण बोका म्हणाला, लिही बाबा, नाहीतर तू हे सगळ्यांना सांगत फिरशील आणि दर वेळी स्वतःला थोडा मोठा करत जाशील. म्हणून एकदाच, आहे तसं लिहून टाकतो.

भावोजींचा फोटो स्टुडिओ आहे. भावोजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. वर घर, खाली स्टुडिओ. पुढच्या खोलीत निळा पडदा, एक गोल स्टूल आणि छत्रीवाला दिवा. मागच्या खोलीत कंप्यूटर. लग्नाचं शूटिंग करायचं, ते डीव्हीडीवर चढवायचं, विकायचं. चढवण्याचं काम बोका करतो. बोका माझा शाळेपासूनचा मित्र. कुठेही, कशावरही झोपू शकतो, म्हणून बोका. कॅमेऱ्याच्या पेटीवर पाय पोटाशी घेऊन झोपलेला मी स्वतः पाहिलाय त्याला. भावोजी त्याला 'ए' म्हणतात. नाव विचारायची गरज त्यांना कधी पडली नाही.

भावोजींचा एक सिद्धांत आहे. पुसून परत लिहिता येणारी डिस्क बाजारात असताना साधी डिस्क वापरतो तो मूर्ख. म्हणून गिऱ्हाइकाला नमुना बघायला द्यायचा तो या पुसायच्या डिस्कवर. गिऱ्हाइकाने बघितला की डिस्क परत पुसायच्या डब्यात, मग पुसली, पुढच्याला. इथपर्यंत ठीक. पण दर वेळी तिच्यावर नवीन गोल स्टिकर लागतो. स्टिकरवर भावोजींचा फोटो, घरात बसून काळा चष्मा लावलेला, आणि खाली 'तुमच्या आठवणी, आमची जबाबदारी'. जुना स्टिकर काढायचा नाही. वरून लावायचा. भावोजींच्या काही डिस्क हातात घेतल्या तर पुठ्ठा धरल्यासारखं वाटतं.

तर परवा दुपारी त्यांचा फोन आला. "मेहुणे, या जरा. मशीन नाटकं करतंय."

मी कुठे शिकलेलो नाही. घरचा कंप्यूटर उघडला, बिघडवला, दुरुस्त केला, परत बिघडवला, एवढंच माझं शिक्षण. पण भावोजींसाठी ते पुरतं, कारण मी फुकट आहे.

गेलो तर हे खुर्चीत, बाह्या वर केलेल्या, चेहरा असा की जणू ऑपरेशन करून उठलेत.

"व्हायरस आहे," म्हणाले.

"कुठे?"

"डिस्कमध्ये. पुसलीच जात नाही. किती वेळा केलं, अर्ध्यात अडकतं. एकीचा दुसरीला लागतो हा. मी ओळखतो."

"भावोजी, डिस्क म्हणजे काही सर्दी झालेलं पोरगं नाही."

"तुला काय कळतंय. तू कालचा."

मी स्क्रीनकडे बघितलं. एका बाजूला त्याच डिस्कची खिडकी उघडी, दुसऱ्या बाजूला पुसायचा प्रोग्रॅम. म्हणजे आतून कुणीतरी दार दाबून धरलंय आणि हा माणूस बाहेरून लाथा मारतोय. दार धरणाराही हाच. मग वेगाचा आकडा बघितला. या डिस्क हळू चालणाऱ्या, तसं त्यांच्या पाकिटावरच लिहिलेलं असतं. भावोजींनी प्रोग्रॅममध्ये सगळ्यात वरचा आकडा निवडलेला.

"हा कशाला?"

"जास्त दिला की लवकर होतं."

"आणि पुसून घेतलीत का? म्हणजे फडक्याने?"

"मग? नाही पुसणार? शर्टाने चांगली गोल गोल घासली."

डिस्क मध्यापासून बाहेरच्या कडेकडे पुसतात, सरळ. गोल घासली की ओरखडेही गोल उमटतात, लिहिलेल्याच्याच वाटेने, आणि मग वाचणाऱ्या किरणाला पुढे सरकायला जागा राहत नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही. काही माणसांना सांगण्यापेक्षा खुर्चीला सांगितलेलं बरं, खुर्ची निदान 'तू कालचा' म्हणत नाही.

खिडकी बंद केली, वेग खाली आणला, ट्रे आत ढकलला. आणि टेबल थरथरायला लागलं. खरंच. पेनांचा डबा सरकत सरकत कडेला आला. डिस्क आत फिरत होती ती एकीकडे झुकून, कारण तिच्यावर एवढे भावोजी चिकटवलेले, आणि एकही मधोमध नाही. किरण बिचारा कुठे नेम धरणार.

बाहेर काढली आणि सोलायला बसलो. नखाने कड उचलायची, हळूच ओढायची. साधी सीडी असती तर स्टिकरबरोबर वरचा चकचकीत थर निघून आला असता. डीव्हीडीचा थर दोन चकत्यांच्या मधे असतो म्हणून हिंमत केली. पहिला भावोजी निघाला. त्याखाली दुसरा. भावोजी मधून मधून फोटो बदलतात हे मला माहीत नव्हतं. जसजसं सोलत गेलो तसतसे ते तरुण होत गेले. चष्मा लहान झाला, गाल आत गेले. तळाच्या भावोजींना चक्क केस होते.

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. टेबलावर पसरलेले सगळे नवरे तिने बघितले. तळाचा उचलला.

"याच्याशी लग्न केलं होतं मी," म्हणाली, आणि कप ठेवून गेली.

भावोजींना ते ऐकू आलं, पण त्यांनी पंख्याकडे बघितलं.

आता खरी गोष्ट. काहीही पुसण्याआधी आत काय आहे ते बघायची मला खोड आहे. कंप्यूटर म्हणत होता, डिस्क कोरीही नाही, भरलेलीही नाही. पुसणं सुरू होऊन मधेच लटकलं की असं होतं, आतली अनुक्रमणिका जाते आणि धडे तसेच राहतात. माझ्या पेन ड्राइव्हमध्ये एक प्रोग्रॅम आहे, तो अनुक्रमणिका विचारत नाही, सरळ धडे उचकतो. तो लावला. सुरुवातीला काहीच नाही, नुसती राख. मग एक चित्र उमटलं.

हिरवा मोजा. त्याला डोळ्यांच्या जागी दोन बटणं, एक काळं आणि एक तपकिरी. तपकिरी माझ्या शर्टाचं.

भावोजी पंख्याकडून वळायच्या आत मी चित्राची खिडकी बंद केली.

हा बोक्याचा सिनेमा होता. मोज्यांच्या बाहुल्यांचा. हिरवा मोजा म्हणजे दातांचा डॉक्टर, करडा मोजा म्हणजे पेशंट. पेशंटला तोंड उघडायचं नाहीये, पण 'नाही' म्हणायला तोंड उघडावंच लागतं, एवढीच गोष्ट. बोक्याने ती कित्येक आठवडे जेवणाच्या सुट्टीत या निळ्या पडद्यापुढे काढली. लहान मुलांची नाटकं करणाऱ्या एका मंडळीला बाहुल्यांचा माणूस हवा होता. तिथल्या बाईंनी सांगितलेलं, बोलू नका, काम दाखवा. आणि दाखवायचं होतं दुसऱ्या दिवशी सकाळी. आवडलं तर बोका इथून सुटला. भावोजींना आधीच कळलं तर इथूनही गेला आणि तिथलंही नक्की नाही.

दुसरी प्रत नव्हती. भावोजी जागा हवी म्हणून कंप्यूटर सारखा रिकामा करतात, आणि कॅमेऱ्याच्या टेपवर आता कुणाचं तरी लग्न होतं. म्हणजे जगात हा डॉक्टर एकाच ठिकाणी होता. माझ्या समोर.

फोन लावला आणि दबक्या आवाजात बोललो. भावोजी मागेच उभे.

"बोक्या, कुठे आहेस?"

"शाळेत. ओळखपत्राचे फोटो. पोरं डोळे मिटतात रे."

"पुसायच्या डब्यात काय ठेवलंयस?"

"ए, सरळ बसा रे," तो पोरांना म्हणाला.

"बोक्या."

"लपवलीय," तो म्हणाला. "त्या डब्याला ते कधी हात लावत नाहीत. पुसणारा मीच ना."

"आज लावलाय. तुला तिकडे पाठवलं आणि इकडे गिऱ्हाईक आलं. दातांचा डॉक्टर माझ्या समोर आहे."

"कुणाचे दात?" भावोजींनी मागून विचारलं.

"बोक्याची दाढ दुखतेय," मी मान वळवून म्हणालो. "उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचंय त्याला."

"तरीच हल्ली हसत नाही. सकाळी जा म्हणावं आणि दुपारी कामावर ये. दाढ काय दिवसभर काढतात?"

बोका फोनमध्ये कुजबुजला, "सुरुवात आहे का रे? पेशंट आत येतो ते?"

"तू फोटो काढ," म्हणालो आणि फोन ठेवला.

आता ही डिस्क इथून न्यायची होती, आणि भावोजी दोरीचा तुकडासुद्धा टाकत नाहीत. आधी सरळ मार्ग धरला.

"भावोजी, ही गेली. टाकून देऊ."

"गेली? माझी एकही डिस्क जात नाही. ते वरवरचं पुसणं नको करू, पूर्ण पुस. खरडून काढ पार."

"वेळ लागेल."

"लागू दे. तू बसलाच आहेस." आणि स्वतःच माउसकडे हात नेला. बाण त्या बटणावर आला, जिथे दाबलं असतं तर उरलेले धडेही गेले असते.

त्या क्षणी मला सुचलं. सुचलं म्हणजे काय, त्यांचंच डोकं उसनं घेतलं.

"थांबा," मी हळू आवाजात म्हणालो. "तुम्ही म्हणालात ते खरं दिसतंय. व्हायरस आहे."

हात तिथेच थांबला. "म्हणालो होतो ना?"

"आणि साधा नाही. ही आत फिरत राहिली तर ड्राइव्हला लागेल. मग त्यात जी जी डिस्क घालाल तिला."

भावोजींनी माउस सोडला आणि बोटं पँटला पुसली. कंप्यूटर विकणारा माणूस डिस्कचा व्हायरस बोटाला लागेल म्हणून पँटला बोटं पुसतो, आणि गिऱ्हाइकांना मात्र 'टेक्निकल गोष्ट आहे, तुम्हाला नाही कळणार' म्हणून सांगतो. थांबा, विकणारा नाही, वापरणारा. विकत असता तर गावभर रोगराई झाली असती.

"काढ ती बाहेर," म्हणाले. "पिशवीत घाल. घरात नको, बाहेर लांब नेऊन टाक."

"मीच नेतो."

"दुहेरी पिशवी घे."

दुहेरी पिशवी घेतली. मग दुसरी एक डिस्क घेतली, तीही सोलली, कापडाने सरळ पुसली, हळू वेगाने पूर्ण पुसायला लावली. टेबल हललं नाही. पट्टी शेवटपर्यंत गेली, गिऱ्हाइकाचा नमुना तिच्यावर चढला, परत वाचूनही बघितला. छान.

"बघितलंस," भावोजी म्हणाले, "मूळ व्हायरस काढला की सगळं सुरळीत होतं." आणि ड्रॉवरमधून नवीन भावोजी काढून त्या कोऱ्या पाठीवर चिकटवला. तिरका. मी तिथून निघालो.

घरी माझा जुना ड्राइव्ह आहे, सावकाश आणि चिकट. नवा ड्राइव्ह जिथे तोंड फिरवतो तिथे हा पुन्हा पुन्हा विचारत राहतो. त्याला लावून दिलं. संध्याकाळी बोका आला, बूटही न काढता माझ्या मागे उभा राहिला. आम्ही बघितलं. डॉक्टर आइस्क्रीमची काडी घेऊन पेशंटभोवती फिरतो, ते आहे. पेशंट खुर्चीखाली लपतो, आहे. शेवटी डॉक्टरचाच दात दुखायला लागतो, तेही आहे, आवाजासकट. फक्त सुरुवात नाही. पेशंट दारातून येतो, बसायला नकार देतो, दोघांचं वाजतं, तो सगळा तुकडा भावोजींनी खाल्ला होता. आणि त्याच्याशिवाय पुढचं भांडण कशावरून चाललंय ते कुणालाच कळणार नाही.

मी भावोजींबद्दल जे बोललो ते इथे लिहीत नाही. ताई वाचेल.

"मीच ठेवली ना डब्यात," बोका म्हणाला.

"तू गप्प बस. असल्या माणसाच्या हाताखाली राहून तुला असलीच बुद्धी सुचणार."

तो पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसला. मला वाटलं झोपला. मग त्याने पिशवी उघडली आणि दोन्ही मोजे माझ्या टेबलावर ठेवले.

"सुरुवात मी तिथेच करतो," म्हणाला. "त्यांच्या समोर. उभं राहून. पेशंट खुर्चीत बसला की तू सिनेमा लाव."

"मग कर की."

"डॉक्टरला दोन हात लागतात. एक डोक्यात, एक काडी धरायला." त्याने करडा मोजा माझ्याकडे सरकवला. "पेशंट तू."

आता खरं सांगतो, मला बाहुल्यांचा खेळ बघवत नाही. धडधाकट माणसाने मोज्यात हात घालून आवाज बदलून बोलायचं, आणि समोरच्या मोठ्या माणसांनी आपण मूल असल्यासारखं हसायचं. मला दोघांचीही कीव येते. हे मी बोक्याला आधीही सांगितलंय, आताही सांगितलं.

"माहितीये," तो म्हणाला. "म्हणून तर तू चांगला होशील. पेशंटला तिथे यायचंच नसतं."

वाचलेलं सगळं मी एका साध्या डिस्कवर चढवलं, एकदाच लिहिता येते तसल्या, आणि बिनास्टिकरची त्याच्या हातात दिली. मग मोजा घातला. आतून ओला नव्हता पण तसं वाटत होतं. अंगठा खालचा जबडा, बाकीची बोटं वरचा. दोन-तीनदा उघडबंद केला.

"नाही," मोजा म्हणाला.

बोका हसला. भावोजींना दिसला असता तर दाढ बरी झाली म्हणाले असते.

"हात खांद्याच्या वर ठेवावा लागतो सगळा वेळ," तो म्हणाला. "दुखतो. लोक मधेच खाली घेतात."

"मी नाही घेणार," मी म्हणालो. "उद्या सकाळी तुझ्या आधी दारात उभा असेन, आणि तू पेशंटला खुर्चीत बसवेपर्यंत हा हात खाली येणार नाही. शब्द देतो."