संजनाच्या ऑपरेशनची तारीख

माझं तोंड फटकळ आहे, हे आख्ख्या डेपोला माहीत आहे. पेठच्या गाडीवर अठरा वर्षं कंडक्टर आहे मी. गोड बोलून गाडीत कुणी पुढे सरकत नाही. त्या रविवारी भावाच्या घरी जे बोलले, त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

संजना माझी भाची, धम्मपालदादाची मुलगी. चोवीस वर्षांची, अंबडला कंपनीत नोकरीला. बारावीपासून तिची पाळी म्हणजे चार दिवस गुडघे पोटाशी घेऊन पडणं, उलट्या, चक्कर. घरचे म्हणायचे, "नाटकं आहेत, कामाचा कंटाळा." दोन डॉक्टर झाले. सोनोग्राफी नॉर्मल. दुसरा तर हसून म्हणाला, "लग्न उरका. एक मूल झालं की सगळं नीट होतं." अरे बाबा, मूल काय दुखण्यावरची गोळी आहे?

शेवटी मीच रजा टाकून तिला कॉलेज रोडच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी नुसतं विचारलं, "किती दुखतं गं?" आणि पोरगी रडायलाच लागली. तपासण्या झाल्या. एंडोमेट्रिओसिस. बाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेर वाढतं, बीजकोशावर, आतड्यावर. पाळीच्या वेळी तेही सुजतं, त्यातून रक्त येतं आणि त्या रक्ताला बाहेर पडायला वाटच नसते. "उजव्या बीजकोशावर मोठी गाठ आहे. दुर्बिणीतून काढू, पण लांबवू नका." मंगळवारची तारीख ठरली.

रविवारी ड्युटी संपवून गणवेशातच दादाकडे गेले, तर दारात चपलांचा ढीग. सिन्नरहून पाहुणे आले होते, संजनाला बघायला. ती पोह्यांच्या बशा देऊन आत आली, चेहरा पांढराफटक. "आत्या, पप्पांनी हॉस्पिटलला फोन करून ऑपरेशन रद्द केलं. लग्नानंतर बघू म्हणाले." वहिनी मान खाली घालून चहा गाळत होती.

तेवढ्यात दादा आत आला. "हळू बोला. त्यांना कळलं तर कोण करील हिला?"

"आणि गाठ तोवर थांबणार आहे का, तू हिचं लग्न उरकेपर्यंत?"

"बाईच्या जातीला थोडंफार दुखायचंच. तुझं नाही का झालं सगळं नीट?"

झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच बाहेर जाऊन पाहुण्यांसमोर उभी राहिले. "जय भीम. मुलीला एंडोमेट्रिओसिस आहे. परवा ऑपरेशन होतं, ते बापानं रद्द केलंय. पुढे मूल होईल की नाही, आज कुणीच सांगू शकत नाही. आता विचारा काय विचारायचं ते."

मुलाची आई पदर सावरत उठली. "आम्ही कळवतो." काय कळवणार, ते चपला घालायच्या घाईवरूनच कळलं.

दादा माझ्यावर ओरडला. "वाटोळं केलंस माझ्या पोरीचं!"

"मी? दादा, मलाही हाच आजार होता, माझे जुने कागद बघून डॉक्टरबाई म्हणाल्या. चौतिसाव्या वर्षी माझी पिशवी काढली. नवरा सोडून गेलेला, म्हणून कागदावर सही तू केलीस. मला वाटलं गाठ काढतायत. शुद्धीवर आले तेव्हा नर्सनं सांगितलं काय काढलंय ते. आणि दुखायचं अजून थांबलं नाही!"

तो मटकन खुर्चीत बसला. "डॉक्टर म्हणाले होते, हाच उपाय..."

"मग मला का नाही विचारलंस?"

चौदा वर्षांत पहिल्यांदाच विचारलं मी. मला रडू फुटलं, ते वेगळंच.

संजनानं फोन लावला. "मंगळवारची पेशंट बोलतेय, संजना. मी रद्द केलं नव्हतं, माझी तारीख परत लावा." पलीकडून काहीतरी विचारलं. तिनं बापाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाही, वडील नाही. संमतीची सही मी करणार."