दुखत नाही तर गोळी कशाला

मला मेलीला अक्कल पाजळायची काय गरज होती! डॉक्टरांनी बजावलं होतं, ह्यांच्या खुब्याचा सांधा बदललाय, दुखो न दुखो, दीड महिना ही गोळी चुकवायची नाही. मी पाकीट मेडिकलवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, पेनकिलरच आहे काकू. झालं! पेनकिलरने किडन्या जातात हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. आठव्या दिवशी ह्यांचं दुखणं थांबलं, तशा मी गोळ्या बंद केल्या. ह्यांनी ऐकलं नसतं, म्हणून गोळीच्या वेळेला ॲसिडिटीची कॅप्सूल हातावर ठेवत राहिले.

हे म्हणजे उपेंद्रशास्त्री. चाळीस वर्षं रामकुंडावर लोकांची श्राद्धं, पिंडदानं करतात. ऑपरेशनच मुळी सिंहस्थासाठी केलं. बारा वर्षांनी येतो, पुढच्याला मी कुठला असायला, म्हणाले. डॉक्टर म्हणाले होते, मांडी विसरा, पण स्टुलावर बसून सगळं कराल. हे त्यावरही खूश होते.

चौथ्या महिन्यात पाय वाकेनासा झाला. आता जेवतातसुद्धा उभ्याने. खुर्चीत कसेबसे टेकतात, पाय सरळ ताणून. मी देवापुढे नाक घासलं, पण गोळ्यांचं नाव काढलं नाही.

आज डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. सांध्याभोवती मांसात, नको तिथे हाड वाढलंय. ते पक्कं व्हायला वर्ष जाईल, मगच काढता येईल.

"म्हणजे सिंहस्थ गेला," हे म्हणाले. "असं का हो झालं?"

"होतं काहींना. ते होऊ नये म्हणूनच गोळ्या होत्या. पूर्ण घेतल्यात ना?"

"एकही चुकली नाही. हिने घड्याळ लावून दिल्या."

"मग नशीबच म्हणायचं. हाड काढल्यावर पुन्हा घ्याव्या लागतील, नाहीतर परत वाढेल."

"हिच्याच हातात द्या. हिच्याइतकं कोणी बघायचं नाही."

मला रडू फुटलं. "नाही दिल्या हो मी! किडनीला भ्याले. आठच दिवस दिल्या, पुढे ॲसिडिटीचीच कॅप्सूल दिली. तुम्हाला फसवलं मी!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हे ओरडले असते तरी बरं वाटलं असतं. ह्यांनी उठायला हात पुढे केला. मी धरायला गेले, तर तो त्यांनी मागे घेतला आणि दाराकडे बघून म्हणाले, "सिस्टर, जरा हात देता का?"