रेवताबाईंचं उत्तर

मित्रांनो, गोपीचंदजी सायकल टेकवून दारात उभे राहिले, त्या दिवशी आमच्या घराला कळलं की रेवताबाई गेल्या.

"बाई, माही रेवता गेली. सतरा दिवस झाले," ते सरिताला म्हणाले. "तुमच्या पेटीत तिचा आवाज असन ना? एकदा आयकवा. घरी फोटो आहे, आवाज नाही."

ती पेटी म्हणजे मी, मोहाडीच्या एका घरातला जुना टेपरेकॉर्डर. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्या वर्षी सरिताच्या बाबांनी, तेजरामजींनी, मला भंडाऱ्याहून आणलं. जयंतीला मी दारात भीमगीतं वाजवायचो आणि सारा मोहल्ला ऐकायचा. मग घरात टीव्ही आला. मी कपाटावर गेलो आणि धूळ खात पडलो. सरिता एका साप्ताहिकाची बातमीदार झाली, तेव्हा तिने मला खाली काढलं, पुसलं, नवे सेल घातले. मला पुन्हा काम मिळालं.

ती नवशिकी होती. एका दमात तीन प्रश्न विचारायची. समोरचा अडखळला की उत्तरही स्वतःच द्यायची. संपादक घनश्यामभाऊ कॅसेट ऐकून म्हणाले, "पोरी, सरपंचाची मुलाखत आणाले सांगितलं होतं. ही तर तुझीच झाली! तुझाच फोटो छापू काय?"

ती ओशाळली, पण शिकली. एका वेळी एकच प्रश्न विचारू लागली.

मग ती मला घेऊन गोसीखुर्द धरणाच्या पाण्यामुळे उठलेल्या लोकांच्या नव्या वस्तीत गेली. गोपीचंदजी आणि रेवताबाई ओसरीवर जाळं दुरुस्त करत बसले होते. सरिताने मला दोघांच्या मधे ठेवलं.

"रेवताबाई, गाव सोडलं त्या दिवशी तुम्ही काय केलं?"

रेवताबाईंचा हात जाळ्यात थांबला. त्या आठवत होत्या. तेवढ्यात गोपीचंदजी बोलले, "तिले काय पुसता? मी सांगतो ना. ट्रॅक्टर आला, सामान टाकलं, निंगालो."

"सांगा, तुमीच सांगा," रेवताबाई हसल्या. "माहं लगनही तुमीच लावलं असन एकट्यानं!"

सगळे हसले. पुढचे सगळे प्रश्न सरिताने त्यांनाच विचारले. ते भरभर बोलत होते, तिची वही भरत होती. शेवटी तिने माझं बटण बंद केलं.

तेव्हा रेवताबाई हळूच म्हणाल्या, "बाई, ट्रॅक्टर सुरू झाल्यावर मी उतरून एकदा वापस घरात गेलती."

"काहीतरी भुलली असन," गोपीचंदजी म्हणाले.

सरिताची शेवटची बस यायची होती. "मावशी, हे पुढच्या खेपेला नक्की ऐकते," म्हणत तिने मला पिशवीत टाकलं. पुढच्या खेपेला तीन महिने गेले, आणि मग गोपीचंदजीच आले.

सरिताने कॅसेट लावली. ते डोकं खाली घालून ऐकत होते. तिचा प्रश्न आला. मग थोडी शांतता, बांगड्यांचा आवाज, आणि लगेच त्यांचा स्वतःचा आवाज. रेवताबाईंचं ते एक हसरं वाक्य त्यांनी चार वेळा मागे नेऊन ऐकलं. त्यापुढे मी शेवटपर्यंत वाजलो. सगळीकडे तेच होते.

"मीच बोलून राहिलो," ते म्हणाले. "काहून बोललो मी येवढा?"

"चूक माझी आहे काका. प्रश्न मी त्यांना विचारला होता. मी थांबायला पाहिजे होतं."

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मी यंत्र आहे, माझे सेल बदलता येतात. ज्याला विचारलं त्याच्याकडे पाहत गप्प बसा, एवढंच सांगतो. सरिता आता तसंच करते.

त्या दिवशी तिने नवी कॅसेट घातली आणि विचारलं, "काका, मावशी परत घरात कशाला गेल्या होत्या?"

या वेळी ती थांबली.

"मले मालूम नाही," गोपीचंदजी म्हणाले. "मी तिले कधी पुसलंच नाही."