पळसाचा रामकिसन

जगदेवनं रामकिसनचा डावा पाय घोट्यापाशी दर्भानं आवळला आणि गाठ मारली. पळसाच्या देठांची जुडीच ती. पण भटजींनी एकदा पाय म्हटलं की तो पाय. उजवा अजून बांधायचा होता. बाजूला पाटावर सोललेला नारळ ठेवला होता, तो डोक्याच्या जागी बसवायचा होता.

"घट्ट बांध," रामकिसनचे वडील, जानरावकाका म्हणाले. "पोराच्या पायाले भिंगरी होती. यातूनही निसटून जाईन."

बोलून गेले, आणि स्वतःचंच बोलणं न सोसून गोठ्याकडे वळले. जगदेवच्या हातातला दर्भ तुटला. त्यानं दुसरा घेतला.

इटलीच्या लढाईत एका नदीच्या पाण्यात रामकिसन नाहीसा झाला, असं सरकारनं कळवलं त्याला दोन वर्षं होत आली होती. देह मिळाला नाही. एकुलत्या पोराचा देह नाही म्हणून त्याच्या आईनं, प्रयागबाईनं, सुनेच्या, रुख्मिणीच्या, बांगड्यांना कुणाला हात लावू दिला नव्हता. अखेर कारंज्याच्या भटजींनी वाट काढली. देह नसेल तिथे पळसाचा देह करावा, त्याला रीतसर अग्नी द्यावा, आणि मागे राहिलेल्यांनी आपापल्या कामाला लागावं. प्रयागबाई कबूल झाली ती एका अटीवर. पुरुष माणसं नदीवरून परतून 'झालं' म्हणेपर्यंत बांगड्या तशाच राहतील.

आणि आसेगावात हे सगळं चाललेलं असताना रामकिसन, जगदेवच्या माहितीप्रमाणे, चांगला ठणठणीत होता.

दोघं एकाच आळीतले, एकाच पलटणीतले. परत आला तो जगदेव एकटा. रामकिसनला शेवटचं पाहिलेला माणूस म्हणून गाव त्याच्याकडे बोट दाखवी, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पाहिलं होतं त्यानंच. फक्त नदीत नव्हे.

त्या गावाचं खरं नाव पलटणीत कुणालाच धड घेता येत नव्हतं, म्हणून सगळे त्याला अंगूरपूर म्हणत. डोंगराच्या खांद्यावर दगडी घरं, आणि खाली नजर पोचेल तिथवर द्राक्षांचे वेल, झाडाझाडांना बांधलेले. लढाईतून थोडा विसावा म्हणून पलटणीला तिथे ठेवलं होतं. तिथली माणसं संध्याकाळी नुसती चालायला निघत. शेतात जायचं नाही, बाजाराला जायचं नाही. चालायचं आणि परत यायचं. काम नसताना पाय झिजवणारी माणसं पाहून दोघा वऱ्हाडी शेतकऱ्यांना आधी हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी रामकिसन त्यांच्यातच होता, हात मागे बांधून, गावच्या पाटलासारखा.

ज्या घराच्या कोठारात त्यांचा मुक्काम होता, तिथे एक म्हातारी आणि तिची मुलगी राहत. घरातला कर्ता मुलगा लढाईत मारला गेलेला. त्याची सायकल भिंतीला टेकून उभी होती. जगदेवनं बसून पाहिलं आणि दोन्ही गुडघे फोडून घेतले. रामकिसनला मात्र त्या मुलीनं मागून सीट धरून शिकवलं, आणि एकदा शिकल्यावर तो वेलांमधल्या पायवाटांनी असा हिंडू लागला की जेवायलाही हाक मारावी लागे. ते हसणं जगदेवनं आसेगावात कधी ऐकलं नव्हतं.

मग कूच करायचा हुकूम आला. रामकिसन उताराच्या तोंडाशी सायकल घेऊन उभा होता. अंगात त्या मेलेल्या मुलाचा कोट होता.

"जगद्या, मी येत नाही."

"येडा झाला का? घरी काय सांगू मी?"

"सांग, मेला म्हणून."

"अन् रुख्मिणीवयनीले?"

रामकिसननं हँडल सरळ केलं. "तिले आधी सांग," एवढंच म्हणाला आणि पाय उचलून उताराला लागला. ब्रेक दाबला नाही. वेलांच्या आडून दोनदा दिसला, मग दिसला नाही. त्याच रात्री नदी ओलांडताना तोफा सुरू झाल्या आणि माणसं वाहून गेली. हजेरीच्या वेळी जगदेव म्हणाला, माझ्यापुढेच पाण्यात उतरला होता. पळपुटा म्हणून धरला असता तर रामकिसनचं काही खरं नव्हतं. दोस्ताला वाचवायला तो एक वाक्य बोलला होता, आणि आता त्याच वाक्याचं मढं त्याच्या मांडीवर होतं.

बोलावं तर म्हाताऱ्याचा शूर पोरगा एका घटकेत पळपुटा ठरणार. रुख्मिणी धड सवाशीण नाही, धड विधवा नाही, अशी जन्मभर उंबऱ्यात बसणार. न बोलावं तर जिवंत माणसाला अग्नी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यात मागच्या आठवड्यात तुरीच्या बांधावर काका त्याला म्हणाले होते, "एवढं उरकलं का मी सुनेचा बाप. तिचा पाट लावून देईन. तुही बायको तापात गेली, तूही एकटाच. तुह्याबिगर दुसरा मले दिसत नाही." जगदेवनं मान खाली घातली होती. त्याला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची त्याला तेव्हापासून शिसारी येत होती.

रुख्मिणी तुपाची वाटी घेऊन आली. ती खाली ठेवली आणि जायच्याऐवजी तिथेच टेकली.

"भाऊजी, ते अंगूरपूर सांगा."

"आता?"

"आताच. मंग कोणी इचारणार नाही."

जगदेवनं सांगितलं. दगडी घरं, वेल, संध्याकाळचं चालणं, म्हातारी, सायकल. म्हातारीच्या मुलीला तो नेहमीप्रमाणे गोष्टीतून वगळून गेला. हात काम करीत राहिले. उतारापाशी येऊन तो थांबला.

"अन् मंग?"

"मंग नदी."

"तुमची गोष्ट दर खेपी त्या उतारावरून एकदम नदीतच जाते." तिचा आवाज चढला नाही. "पाण्यात उतरताना तुमी सोता पाह्यलं त्याईले?"

बोलायचं तर हीच वेळ होती. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. गोठ्यात काका बैलाशी काहीतरी पुटपुटत होते. जगदेवनं तोंड उघडलं, आणि दोन वर्षं घोटलेलं तेच वाक्य आयतं बाहेर आलं.

"पाह्यलं, वयनी."

ती त्याच्या हातांकडे पाहत होती. एका गाठीनं भागलं असतं तिथे त्यानं उजव्या पायाला गाठीवर गाठ मारली होती. ती उठली आणि आत गेली.

दुपार कलायच्या आत तिरडी उचलली. पुढचा खांदा काकांनी जगदेवला दिला. भाऊ नाही तर भावासारखा. मागचा माणूस म्हणाला, वजनच नाही राजेहो. खरंच नव्हतं, पण जगदेवचा खांदा नदीपर्यंत भरून आला. लढाईवरून परतल्यावर तो सायकल शिकला होता; सकाळीच तिच्यावरून तूप आणि भटजींची पिशवी त्यानं काठावर पोचवली होती. तेव्हापासून ती बाभळीला टेकून उभी होती. सगळा वेळ त्याची नजर तिच्यावरून हटेना.

काकांनी अग्नी दिला. पळस आधी धुमसला, मग एकदम पेटला, आणि नारळ तडकला तसे काका खालीच बसले. कुणीतरी त्यांना धरलं. थोड्या वेळानं तेच उठून म्हणाले, "चला, उतरा पाण्यात सगळे. थंडी पाहू नका." मार्गशीर्षातलं पाणी. माणसं धोतरासकट आत शिरली, दात वाजवत बुडी मारू लागली.

"जगदेव, तू सायकलनं पुढं हो," काका पाण्यातून म्हणाले. "काकीले सांग, झालं म्हणून. बुढी डोळे लावून बसली असन."

तो बाभळीकडे गेला. सायकल हातात धरली, काठ चढून वर आला, आणि वरून गावाकडे उतरणारा रस्ता पाहिल्यावर त्याच्या मनात नदी राहिली नाही, चिता राहिली नाही. सायकल आपसूक धावू लागली. त्यानं ब्रेक दाबला नाही. असाच गेला असेल, पाठीला वारा लागून, मागे न पाहता. कुठे असेल आत्ता? वेल छाटत असेल? म्हातारीच्या भिंतीला ती सायकल पुन्हा टेकून असेल? जगदेव मनाशी विचारत राहिला, आणि घर आलं.

अंगणात बाया बसल्या होत्या. दाराशी पाण्याची घागर आणि कडुलिंबाचा डहाळा. मधोमध, पायरीपाशी रुख्मिणी, तिच्याशेजारी शेजारची कमलीबाई, मांडीपाशी दगड घेऊन. प्रयागबाई उंबऱ्यात उभी होती.

"झालं?"

"झालं, काकी."

म्हातारी होती तिथेच खाली बसली. तिनं पदर तोंडावर ओढला आणि बायांनी गळा काढला. रुख्मिणीनं मान वर केली. तिनं जगदेवच्या डोक्याकडे पाहिलं. केस धुळीनं पांढुरके झाले होते. मग तिची नजर सदऱ्यावरून खाली आली आणि धोतरावर थांबली. धोतराचा सोगा वाऱ्यानं फडफडत होता.

ती कुठे पाहते आहे हे पाहायला जगदेवनंही खाली पाहिलं, आणि फडफडणारा सोगा मुठीत धरला. मसणातून आलेला माणूस पाण्याला शिवल्याशिवाय दारात येत नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. तो दोस्ताला खांदा देऊन बाजारातून यावं तसा कोरडा आला होता. ज्याच्या लेखी कुणी मेलंच नव्हतं, त्याला आंघोळ आठवणार कशी?

बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. पदर तोंडावर होते. रुख्मिणीनं एक शब्द काढायचा अवकाश, सगळं जागच्या जागी थांबलं असतं. तिनं आपल्या बांगड्यांकडे पाहिलं. पोहरादेवीच्या जत्रेत रामकिसननं घेऊन दिलेल्या, हिरव्या. त्यातल्या बऱ्याचशा दोन वर्षांत आपोआप वाढल्या होत्या, उरलेल्या ती जपून वापरत होती. तिनं त्या मनगटावर एकदा वर सारल्या, खाली सोडल्या. तिच्या चेहऱ्यावर राग आला आणि गेला. जगदेवला तो स्पष्ट दिसला.

"वयनी," तो म्हणाला. 

"कमलीबाई," रुख्मिणी म्हणाली, "घ्या तो दगड."

कमलीबाई कचरली. मग रुख्मिणीनंच दोन्ही हात पुढे करून पायरीवर ठेवले. काच फुटली. प्रयागबाईनं टाहो फोडला आणि सुनेला मिठी मारायला धावली. रुख्मिणीच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला होता; तो तिनं लुगड्याला पुसला, सासूला सावरून खाली बसवलं, आणि उठून जगदेवपाशी आली. मधे पुरुषभर अंतर ठेवून उभी राहिली.

"असे उभे काहून, भाऊजी? इहिरीवर जा. डोक्यावरून पाणी घ्या. आमच्या घरचा माणूस गेला."

मग फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "अन् ते अंगूरपूर आता कोणाले सांगू नका. बुढ्यालेही नाही."

जगदेवनं सायकल कुडाला टेकवली आणि तो विहिरीकडे गेला. पाणी खोल होतं. पहिली बादली त्यानं कपड्यांसकट डोक्यावर ओतली, आणि मग दुसरी.