आण्णांचं पथ्य

आमचं घर इतकं निरोगी कधीच नव्हतं. आण्णा, म्हणजे माझे वडील काकासाहेब, पहाटे उठून तांब्याच्या भांड्यातलं पाणी पीत, नाक धरून प्राणायाम करत आणि गुळवेलीचा काढा घेऊन कोवळ्या उन्हात बसत. चहा बंद, तंबाखू बंद, तेल-तिखट बंद. तंबाखूपायी माझ्या आईनं, उषाबाईनं, जन्मभर डोकं आपटून घेतलं तेव्हा ती सुटली नाही. आण्णांना लिव्हरचा कॅन्सर निघाला आणि तंबाखू एका दिवसात सुटली. हसावं की रडावं, मला कळेना.

पथ्य दिलं होतं वडीगोद्रीच्या तातेराव वैद्यांनी. माणूस भला. डॉक्टरच्या गोळ्या सोडू नका, असं त्यांनीच बजावलं होतं. पण पथ्य मोडलं की औषध लागू पडत नाही, हेही ते बोलून गेले आणि आईनं त्याची पक्की खूणगाठ बांधली. आण्णांनाही त्याचा मोठा आधार वाटायचा. पथ्य चालू आहे तोवर औषध चालू, आणि औषध चालू आहे तोवर माणूस बरा होणार, असं त्यांचं सरळ गणित.

मी परतूरला दिलेली लेक. दिवाळीपासून माहेरीच होते, आण्णांसाठी. मागच्या तपासणीला आम्ही त्यांना संभाजीनगरला नेलं, तेव्हा त्यांना बाहेर बसवून डॉक्टर आम्हा दोघींना म्हणाले, की आता त्यांना जे आवडतं ते खाऊ घाला. मला अर्थ कळला. आईलाही कळला असणार. पण बाहेर येऊन तिनं आण्णांना सांगितलं, की डॉक्टरांनी पथ्य आणखी कडक करायला लावलंय. आण्णांचा चेहरा खुलला.

वांग्याच्या भरतावर आण्णांचा भारी जीव. जेवायला बसले की ते हमखास मागत, "नखाएवढं दे गं." आई त्यांच्यापुढं मुगाची अळणी खिचडी ठेवी आणि स्वतःही तीच खाई. मला संताप यायचा. जाणाऱ्या माणसाला कशाला छळतेस, खरं काय ते सांग आणि खाऊ घाल, असं मी एकदा तिच्या तोंडावर बोलले.

"पथ्य मोडायचं म्हनलं तर त्यायला काय सांगू?" एवढंच आई म्हणाली. मला ते बिलकुल पटलं नाही. बायकांनी नवऱ्याला औषधासारखं मोजून-मापून जगवावं, याची मला चीडच आहे.

पौषात एका सकाळी आण्णांना उन्हात नेता आलं नाही. आम्ही दोघींनी दोन्हीकडून धरलं, पण त्यांचे पायच जमिनीवर ठरेनात. परत खाटेवर निजवलं. आई परसात गेली आणि चुलीत वांगी भाजायला घातली. लसूण, हिरवी मिरची, वरून कच्चं तेल, बाजरीची भाकर. घरभर वास सुटला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. शेवटी आईनं माझंच ऐकलं, असं मनात आलं.

उशीला टेकवून बसवलेल्या आण्णांनी आधी ताटाकडं बघितलं, मग आईकडं.

"वैद्याला इचारलं का?"

"इचारलं. आता चालतंय म्हनले."

"अन् काढा?"

"काढाबी नको म्हनले आता."

आण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, भरताला लावला आणि परत ताटात ठेवला. आई त्यांच्या जवळ बसून खा म्हणाली. आईनं खरं सांगावं म्हणून मी तिच्याशी भांडले होते. आज तिनं एक शब्द खरा सांगितला नव्हता, आणि आण्णांना सगळं कळलं होतं.

त्यांनी दोन्ही हातांनी ताट हळूच तिच्याकडं सरकवलं.

"न्हाई गं," ते म्हणाले. "मला आनखी पथ्य करायचंय. काढा दे."

त्यांनी हात पुढं केला. आमच्या दोघींपैकी कुणालाच उठता येईना.